हलक्या धातूंचें बळ

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळीची ओळख पूर्वीं आवाजावरून पटत असे. पेशवाईच्या काळीं कोंकणांतून येऊन येथें वसलेल्या तांबटांनीं ह्या आळीला आपलें नांव दिलें आणि हातोड्याच्या ठोक्यांनीं तिला तिचा नाद दिला. हंडे, कळश्या, घंगाळें, बंब अशी जी तांब्याची दौलत पुणेंकरांच्या माजघरांत आणि न्हाणीघरांत पिढ्यानपिढ्या नांदली, तिच्यांतील बराच भाग ह्या हातोड्याखालून गेलेला आहे. भांड्याच्या अंगावर एकाला एक लागून उठलेल्या चकचकीत टिकल्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. पाहणारास ती नुसती नक्षी वाटते. तांबटास मात्र ठाऊक असतें, कीं नक्षी हें मठारकामाचें दुय्यम फळ आहे. मुख्य फळ हें, कीं मऊ पत्रा त्या ठोक्यांनीं ताठ होतो आणि पातळ भांडेंहि सहसा चेपत नाहीं.

आज ज्या विषयावर बोलावयाचें आहे, तो वरवर पाहतां ह्या आळीपासून फार दूरचा आहे. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम ह्यांसारख्या हलक्या धातूंत डोळ्यांस न दिसणारे अतिसूक्ष्म कण पेरावयाचे आणि त्यांच्या आधारानें त्या मऊ धातूंस बळकटी आणावयाची, अशी ही विद्या आहे. तिचें नांव नवें, तिचीं यंत्रें नवीं. पण तिचें मर्म जुनें आहे. धातूला बळ येतें तें त्यांत माल अधिक घालून नव्हे. त्याच्या पोटांत अडथळे निर्माण करून आणि ते सर्वत्र सारखे वांटून येतें. हातोडा हेंच करतो आणि सूक्ष्म कणहि हेंच करतात. हें मर्म मनुष्याला कसें उमगत गेलें, त्याचा इतिहास थोडक्यांत पाहूं.

प्रथम धातु वांकतो म्हणजे काय होतें, तें समजून घेतलें पाहिजे. धातूच्या पोटांत अणु रांगांनीं बसलेले असतात. धातु वांकतांना एक रांग दुसरीवरून सरकते. आतां सगळी रांग एकदम सरकावयाची असती, तर फार मोठें बळ लागलें असतें; हिशेबानें जें बळ निघे, त्याच्या शतांशाहूनहि कमी बळानें शुद्ध धातूचे स्फटिक प्रत्यक्षांत वांकतात. हें कोडें १९३४ सालीं टेलर, ओरोवान आणि पोलान्यी ह्या तिघा शास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें सोडविलें. त्यांचें उत्तर आपल्या पंगतीच्या दृष्टान्तानें सांगतां येईल. लांब ओसरीवर शंभर पानांची पंगत बसली आहे. "सर्वांनीं एकदम एक पाट पलीकडे सरका" म्हटलें, तर गोंधळ उडेल. पण टोकाचा एक पाट रिकामा असेल, तर शेजारचा त्यावर सरकतो, मग त्याच्या शेजारचा, आणि ती रिकामी जागा पंगतभर प्रवास करून दुसऱ्या टोकास निघते. सगळी पंगत एक पाट सरकली, आणि कोणासच फारसे श्रम पडले नाहींत. धातूच्या रांगांतहि अशा चुकलेल्या जागा असतात. त्यांस स्थानभ्रंश म्हणतात. हे स्थानभ्रंश मोकळेपणानें धांवतात, म्हणून धातु मऊ असतो.

मग बळ आणावयाचें कसें? एक उपाय तांबटाचा. हातोड्याच्या प्रत्येक ठोक्यानें नवे स्थानभ्रंश उत्पन्न होतात. ते इतके दाटतात, कीं एकमेकांत गुंतून पडतात आणि कोणासच पुढें जातां येत नाहीं. धातु ताठ होतो. भांडें तापविलें कीं हा गुंता सुटतो आणि तांबें पुन्हा मऊ होतें. म्हणून घडवितांना तांबट मधूनमधून भांडें भट्टींत घालतो आणि शेवटीं मठारून त्याला कायमचा ताठपणा देतो. दुसरा उपाय ओसरीवर जागोजाग खांब उभे करण्याचा. खांब आडवा आला, कीं पंगतीचें सरकणें तेथेंच अडतें. हलक्या धातूंचा सगळा इतिहास ह्या खांबांचा इतिहास आहे.

ॲल्युमिनियम हा पृथ्वीच्या कवचांतील सर्वांत विपुल धातु. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यांवर जांभ्याच्या थरांत त्याचें बॉक्साइट नांवाचें खनिज सांपडतें, आणि त्या खनिजाच्या जोरावर बेळगांवास कारखानाहि उभा राहिला. पण प्राणवायूशीं ह्या धातूची गांठ इतकी घट्ट, कीं एकोणिसाव्या शतकापर्यंत तो कोणास वेगळा करतां आला नव्हता. १८२५ सालीं डेन्मार्कच्या ओरस्टेडनें तो अशुद्ध रूपांत काढला. १८२७ मध्यें जर्मनीच्या व्होलरनें त्याची भुकटी मिळविली. १८५४ पासून फ्रान्सांत दव्हीय ह्यानें तो थोड्या प्रमाणांत तयार करण्यास आरंभ केला. तरी तो मौल्यवानच राहिला. तिसऱ्या नेपोलियनच्या मेजवानींत मानाच्या पाहुण्यांपुढें ॲल्युमिनियमचे कांटे-चमचे ठेवीत, असें सांगतात. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्सांत एरू ह्या दोघां तरुणांनीं, एकमेकांस न ओळखतां, विजेच्या साह्यानें तो विपुल काढण्याची एकच युक्ति शोधून काढली. दोघांचेंहि जन्मसाल १८६३. त्या युक्तीनंतर ह्या धातूची किंमत झपाट्यानें उतरली आणि राजाच्या मेजावरचा धातु गरिबाच्या चुलीवर आला.

हिंदुस्थानांत हें चुलीवर येणें १८९८ च्या सुमारास सुरू झालें. मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनीं ॲल्युमिनियमचीं भांडीं घडविण्याचा उपक्रम केला. पाण्याच्या मानानें तांबें जवळजवळ नऊपट जड, लोखंड पावणेआठपट. ॲल्युमिनियम अवघें पावणेतीनपट. भांडीं हलकीं, स्वस्त, आणि त्यांस कल्हईची गरज नाहीं. १९४३ सालीं केरळांतील अलुपुरम् येथें हा धातु देशांतच निघूं लागला. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत ज्या तांब्या-पितळेच्या धंद्याची गणना शहराच्या प्रमुख धंद्यांत केली होती, त्या धंद्यावर प्रथम ह्या हलक्या धातूची आणि मागाहून स्टेनलेस पोलादाची छाया पडली. तांबट आळींतील ठोके विरळ होत गेले. हलका धातु असा आपल्या घरीं आला, तो एका जुन्या कसबाची जागा घेत आला, हें विसरतां कामा नये.

तथापि ह्या नव्या धातूंत एक मोठें उणें होतें. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ. पातेलें हातून पडलें कीं चेपलें. पातेल्याचें चेपणें चालून जाईल. पण विमानाचा सांगाडा चेपून कसें चालेल? तेव्हां ह्या धातूला बळ कसें आणावें, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर उभा राहिला.

त्याचें उत्तर निघालें तें काडतुसापायीं. खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना असल्यामुळें काडतुसाची पितळी नळी पुणेंकरांस अपरिचित नाहीं. तें पितळ जड आणि महाग. त्याच्या जागीं ॲल्युमिनियम चालेल काय, ह्याचा शोध घेण्याचें काम बर्लिनजवळील एका संशोधनसंस्थेंत आल्फ्रेड विल्म ह्या धातुशास्त्रज्ञाकडे आलें. विल्मनें लोहाराचा मार्ग धरला. पोलाद तापवून त्याला पाणी दिलें कीं तें कठीण होतें. तसेंच ॲल्युमिनियमांत थोडें तांबें आणि किंचित् मॅग्नेशियम मिसळून, तापवून, पाणी द्यावें असें त्यानें ठरविलें. १९०६ सालीं हा प्रयोग झाला, आणि पाणी दिलेला तुकडा मऊच निघाला! तो दिवस शनिवारचा होता, पुढील मोजमाप सोमवारवर टाकलें गेलें, अशी कथा सांगतात. सोमवारीं तोच तुकडा पाहतात तों कितीतरी कठीण झालेला. कोणी त्याला तापविलें नव्हतें कीं ठोकलें नव्हतें. तो नुसता पडून राहिला होता.

पडून राहिल्यानें बळ आलें, ही गोष्ट धातुविद्येच्या इतिहासांत अपूर्व होती. १९०९ सालीं ड्युरेन गांवच्या कारखान्यानें हा मिश्रधातु हातीं घेतला आणि त्या गांवावरून त्याला ड्युरालुमिन हें नांव मिळालें. शुद्ध ॲल्युमिनियमच्या चौपट-पांचपट बळ आणि वजन जवळजवळ तितकेंच! झेपेलिन विमाननौकांचे सांगाडे त्याचे झाले आणि त्यापुढें विमानयुगच त्याच्या पाठीवर चढलें. पण हें बळ कोठून आलें, तें विल्मला सांगतां आलें नाहीं. १९१९ सालीं अमेरिकेंत मेरिका आणि त्याचे दोघे सहकारी ह्यांनीं तर्क मांडला. स्वयंपाकघरांतला दाखला घ्यावयाचा तर तो साखरेच्या पाकाचा. कढत पाकांत साखर अधिक मावते. पाक थंडावला कीं ती जास्तीची साखर हळूहळू कणरूपानें बाहेर पडूं लागते. तसेंच तापलेल्या ॲल्युमिनियमांत तांबें विरघळतें. पाणी दिल्यानें तें आंतल्या आंत कोंडून राहतें. आणि मग दिवसामागून दिवस तांब्याचे अणु एकत्र येऊन बारीक कण बांधतात. हे कण म्हणजेच ओसरीवरचे खांब. मात्र ते इतके लहान, कीं त्या काळच्या कोणत्याहि सूक्ष्मदर्शकास दिसेनात. १९३८ सालीं फ्रान्सांत गिनिए आणि इंग्लंडांत प्रेस्टन ह्यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें त्यांचा माग काढला. विल्म पुढें प्रयोगशाळा सोडून शेतीकडे वळला होता. तो वारला १९३७ मध्यें. आपल्या तुकड्याच्या पोटांत काय दडलें होतें, हें समजण्यास त्याला एक वर्ष कमी पडलें.

ह्या कथेचें आणखी एक शेपूट आहे. १९०३ सालीं राइट बंधूंनीं उड्डाण केलें, त्या विमानाच्या एंजिनाची पेटी ॲल्युमिनियम व तांबें ह्यांच्या मिश्रणाची ओतलेली होती. १९९४ सालीं शास्त्रज्ञांनीं तिचा अंश तपासला, तेव्हां तिच्यांतहि असेच सूक्ष्म कण आढळले. विल्मच्याहि तीन वर्षें आधीं, ओतकामाच्या उष्णतेनें, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, खांब उभे राहिले होते.

ह्या कणांचें माप सांगावयाचें तर नॅनोमीटर हें परिमाण घ्यावें लागतें. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी सामान्यतः ऐंशी हजारांच्या घरांत. हे कण कांहीं थोड्या नॅनोमीटरांचे. म्हणजे ज्या शब्दाचा आज इतका गाजावाजा होतो, तो जन्मण्यापूर्वींच ती वस्तु आकाशांत उडत होती.

आतां पुढची अडचण. पाकांतून निघालेले कण पाकांतच पुन्हा विरघळूं शकतात. ड्युरालुमिनसारखा मिश्रधातु दीडशे-दोनशे अंशांच्या उष्णतेंत फार काळ राहिला, कीं लहान कण विरून मोठे कण वाढतात, खांबांची संख्या घटते, मधलें अंतर वाढतें आणि बळ ओसरतें. एंजिनाच्या तोंडाशीं असा धातु टिकावा कसा? तेव्हां असा विचार निघाला, कीं खांब बाहेरून आणून रोवावे आणि ते अशा पदार्थाचे असावे, कीं धातूंत विरघळणारच नाहींत. १९४० नंतरच्या दशकांत स्वित्झर्लंडमध्यें इर्मान ह्यानें ॲल्युमिनियमची बारीक भुकटी दाबून, भाजून तिचा घट्ट धातु केला. भुकटीच्या प्रत्येक कणावर धातूच्या गंजाचें, म्हणजे ऑक्साइडचें, जें पातळ कवच असतें, तेंच मोडून आंत पसरलें आणि खांबांचें काम करूं लागलें. हा धातु मोठ्या उष्णतेंतहि आपलें बळ राखी. १९४८ सालीं ओरोवाननें गणितानें दाखवून दिलें, कीं स्थानभ्रंशाला दोन कणांच्या मधून वांकून निसटावें लागतें. कण जितके जवळ जवळ, तितकें हें निसटणें कठीण.

ह्या कामांत आपल्या देशाचाहि वांटा आहे. प्रदीप रोहतगी ह्यांनीं अमेरिकेंत असतांना वितळलेल्या ॲल्युमिनियमांत ग्रॅफाइटचे कण पेरण्याची रीत १९६९ मध्यें एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केली. पुढें ते हिंदुस्थानांत परतले, आणि बंगलोर, त्रिवेंद्रम व भोपाळ येथें ढवळून ओतण्याच्या ह्या सोप्या पद्धतीवर बरेंच काम झालें. १९८० नंतर जपानांतील टोयोटा कंपनीनें डीझेल एंजिनाच्या ॲल्युमिनियमी दट्ट्याला सिरॅमिकच्या बारीक तंतूंचा आधार दिला. पण हे कण आणि तंतु नॅनोमीटरच्या मापानें पाहतां धोंडेच होते.

कण लहान करण्यांत लाभ काय, त्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. दहा हजार नॅनोमीटर व्यासाचा एक कण घेऊन त्याचे दहा नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर एकाचे शंभर कोटि होतात. माल तितकाच, पण एका खांबाच्या जागीं शंभर कोटि खांब! म्हणून शेंकडा एक-दोन भाग कणांतहि मोठा फरक पडूं शकतो. पण ह्याच हिशेबांत संकटहि लपलेलें आहे. कण जितके लहान, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग अधिक, आणि तितकी एकमेकांस चिकटण्याची ओढ अधिक. पिठलें करतांना पीठ एकदम टाकलें कीं गुठळ्या होतात, त्यांतलाच हा प्रकार. गुठळी झाली कीं शंभर कोटि खांबांचा पुन्हा एक धोंडा होतो. इतकेंच नव्हे, तर तडा जाण्यास तीच जागा होते. शिवाय वितळलेला धातु पुष्कळशा कणांस नीट भिजवीत नाहीं. कमळाच्या पानावरील पाण्यासारखा तो त्यांवरून ओघळतो. कोळशाच्या अंगच्या सूक्ष्म नळ्या, ज्यांकडे १९९१ मध्यें जपानच्या इजिमा ह्यांच्या निबंधानें सर्वांचें लक्ष वेधलें, त्या फार बळकट खऱ्या. पण तापलेल्या ॲल्युमिनियमाशीं त्यांचा संयोग होऊन ठिसूळ कार्बाइड बनण्याचें भय असतें.

ह्या गुठळ्या मोडण्यासाठीं दोन मार्ग निघाले. एक कुटण्याचा. १९६६ च्या सुमारास बेंजामिन ह्यानें अमेरिकेंत भुकटी आणि कण पोलादी गोळ्यांसह फिरत्या पिंपांत तासन् तास कुटून एकजीव करण्याची रीत बसविली. दुसरा ध्वनीचा. कानाला न ऐकूं येणारे तीव्र ध्वनितरंग वितळलेल्या धातूंत सोडले, कीं गुठळ्या फुटतात. २०१५ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं मॅग्नेशियमांत सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण सारखे पसरवून, मग धातूचा कांहीं भाग वाफेच्या रूपानें काढून टाकून, कणांचें प्रमाण आकारमानानें शेंकडा चौदापर्यंत नेलें. मॅग्नेशियम हा ॲल्युमिनियमहूनहि हलका. वजनाच्या मानानें पाहतां ह्या मिश्रणाचें बळ पूर्वींच्या सर्व हलक्या धातूंहून वरचढ ठरलें. बळ आलें, कारण कण सारखे वांटले गेले.

प्रयोगशाळेंतील हें यश बाजारांत अजून थोडेंच उतरलें आहे, हें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. तळहाताएवढा तुकडा करणें वेगळें आणि हजार मण धातु ओतणें वेगळें. सूक्ष्म भुकटी महाग आहे. ती श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊं नये, म्हणून कामगारांच्या रक्षणाची व्यवस्था करावी लागते. आणखी एक विचार. ॲल्युमिनियमची मोड पुन्हा वितळविण्यास, नवा धातु काढण्यास लागणाऱ्या शक्तीच्या शेंकडा पांचच भाग शक्ति पुरते; हा त्या धातूचा मोठा गुण. त्यांत न विरघळणारे कण मिसळले, तर ती मोड पुन्हा शुद्ध करणें अवघड होतें. आज मिळविलेलें बळ उद्यांच्या मोडीला जड होऊं नये, ह्याची चिंता आतांच वाहिली पाहिजे.

ह्या विद्येशीं पुण्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. पुणें आणि पिंपरी-चिंचवड हें आज मोटारींचें गांव आहे. मोटारींच्या परीक्षेची राष्ट्रीय संस्था १९६६ पासून येथें आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत बॅटरीचें ओझें फार. तें पेलावयाचें तर बाकीचा सांगाडा हलका हवा. धातुशास्त्राचें शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत १९४८ पासून मिळत आहे, आणि त्या विद्यालयाचें मूळ १८५४ सालच्या शाळेंत आहे. खडकीस १९५२ मध्यें निघालेली आणि पुढें गिरिनगरास गेलेली लष्करी तंत्रशिक्षणाची संस्थाहि जवळच आहे. गरज आणि विद्या एकाच गांवांत नांदत आहेत. १८९० मध्यें ह्याच शहरांतील औद्योगिक परिषदेपुढें आणि त्या काळच्या आपल्या लेखांतून न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं बजावलें होतें, कीं नुसता कच्चा माल पिकवून जगणारा देश दरिद्री राहतो. आज खनिज आपलें आहे, धातुहि आपण काढतों. पण मऊ धातूला दसपट मोल आणणारी जी विद्या, तिचा मान ज्याच्या हातीं राहील, त्याच्याच हातीं त्या धातूचें भाग्य राहील.

आणि ही विद्या नुसत्या ग्रंथांत नाहीं. इतिहास पाहतां एक गोष्ट ठळकपणें दिसते. येथें हात पुढें गेला आणि बुद्धि मागून आली. तांबटानें शतकानुशतकें तांबें ठोकून ताठ केलें, त्याचें कारण कळलें १९३४ मध्यें. राइट बंधूंच्या एंजिनांतले कण दिसले एक्याण्णव वर्षांनीं. म्हणून कारागिराच्या हाताला कमी लेखणें हें शास्त्राच्याच हिताचें नाहीं. मठारतांना ठोका चुकला, दोन ठोक्यांत अंतर पडलें, तर भांडें तेथेंच कमकुवत राहतें. म्हणून तांबट ठोका ठोक्याला लावून मारतो. प्रयोगशाळेंत आज जें साधावयाचें आहे, तेंहि हेंच समत्व आहे, केवळ दहा लक्ष पटींनीं सूक्ष्म. तांबट आळींत अजून कांहीं हातोडे चालू आहेत. धातुशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या अभ्यासाचा एक दिवस त्या ऐरणीपाशीं काढावा, आणि त्या घरांतील मुलांस महाविद्यालयाचें दार सुलभ व्हावें, एवढी जोड जरी ह्या शहरानें घातली, तरी जुन्या कसबाची जागा घेणारा हलका धातु त्या कसबाचें ऋण कांहीं अंशीं फेडील.

श्रोतेहो, मोठें बळ मोठ्या ढिगांत नसतें; लहान लहान कण आपआपल्या जागीं उभे राहिले आणि कोठेंहि गुठळी झाली नाहीं, म्हणजे मऊ धातुहि आकाश पेलतो.